उत्तर देणारा तारा

"आला! आला! तो बघा, तिकडं वरती!"

मिलच्या मागच्या मैदानात बसलेल्या गर्दीच्या माना एकदम वर गेल्या. पूर्वेकडे काळ्याभोर आभाळात एक निळसर तारा लागला होता. क्षणापूर्वी तो नव्हता आणि आता होता. बायकांनी हात जोडले. कुणीतरी "जय हो" म्हणून ओरडलं, तसा स्टेजवरच्या माणसाने त्याला हातानेच गप्प केलं.

"नाही नाही नाही! जय-बिय काही नाही. मैं कोई बाबा-फाबा नहीं हूँ, भाइयों. इथं नारळ नाही, अगरबत्ती नाही. ये साइन्स है, प्योर साइन्स!"

हे प्रोफेसर व्योमकांत. कुठल्या कॉलेजात शिकवत होते हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. भगव्या कपड्यांऐवजी अंगात डॉक्टरी पांढरा कोट होता, खिशात ओळीने पेनं, आणि मागे बांबूला बांधलेली लोखंडी डिश. तेव्हा इंदूरात केबलचा टीव्ही नुकताच आला होता, डिश दिसली की माणसं निम्मी शरण जायची. डिशच्या दोन बाजूंना दोन पेट्रोमॅक्स फुरफुरत होत्या. त्यांचा झगमगाट सरळ लोकांच्या डोळ्यांत जात होता.

"विचार करा," प्रोफेसर म्हणाले, "ब्रह्मांड म्हणजे केवढी मोठी मिल! करोडों सूरज, करोडों ग्रह. आणि तुम्हाला वाटतं, एवढ्या मोठ्या मिलमध्ये आपलं एकच खातं चालू आहे आणि बाकीची सगळी बंद? अरे भिया, तिकडं तिन्ही पाळ्या चालू आहेत! त्या ताऱ्यावरचे लोक आपल्याला बघून राहिले. प्रश्न विचारा, ते उत्तर देतील. एकदा चमकला तर हो, दोनदा चमकला तर नाही."

मग प्रश्न सुरू झाले. मिल पुन्हा चालू होईल का? प्रोफेसरांनी हातातला लांब टॉर्च आभाळाकडे रोखून उघडझाप केली, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे प्रश्न 'कोड'मध्ये वर पाठवला. तारा विझला आणि पुन्हा लागला. एकदा. म्हणजे हो. मैदानभर टाळ्या झाल्या. आम्ही गेटवर धरण्याला बसून राहायचं का? तारा दोनदा चमकला. नाही. ज्यांना कंटाळा आलाच होता ते समाधानाने माना डोलवू लागले.

शाळेत शिकवून, परस्पर शिकवण्या घेऊन इकडे आलेली दीक्षा गर्दीच्या कडेला उभी होती. तिला हसू येत होतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक उंच, वाळलेला माणूस उठला आणि तिचं हसू जिथल्या तिथे गेलं. ते तिचे वडील होते.

"सर," धोंडिबा म्हणाले, आणि खोकल्याची उबळ जिरेपर्यंत थांबले. "माझ्या टीबीच्या गोळ्या चालू आहेत. त्या सोडू का?"

"बहुत अच्छा सवाल! गोळी म्हणजे केमिकल. केमिकल तरंगांना अडवतं. पण मी सांगणारा कोण? आपण त्यांनाच विचारू."

टॉर्च वर गेला. तारा एकदा चमकला.

धोंडिबा मिलमध्ये विणकर होते. सगळं तारुण्य त्यांनी लूमखात्यात घालवलं होतं. त्यांचे वडील महूच्या छावणीत फौजेत होते, आणि छप्पन्न साली त्यांनी घरातले देव गाठोड्यात बांधून नदीला सोडले होते. तेव्हापासून या घरात ना नवस झाला ना उपास. भिंतीवर दोनच तसबिरी, तथागतांची आणि बाबासाहेबांची. चाळीत कुणाच्या अंगात आलं की धोंडिबा दारात उभे राहून मोठ्याने हसायचे. बायको कौसल्या एकदा शेजारणींबरोबर खजरान्याच्या गणपतीच्या जत्रेला जाऊन आली, तर आठवडाभर तिला चिडवत होते. "आम्ही विज्ञानवाले लोक," हे त्यांचं पालुपद. मुलगी विज्ञानाची मास्तरीण झाली तेव्हा त्यांनी चाळभर पेढे वाटले होते.

आणि नेमके तिथेच ते फसले. देवाला त्यांचं दार बंद होतं. पांढरा कोट घालून, 'साइन्स, साइन्स' करत आलेल्याला मात्र त्यांनी स्वतः उठून आत घेतलं. वर, आपण अंधश्रद्धाळू नाही याचा अभिमान तसाच शाबूत! असल्या माणसाला सोडवणं फार अवघड जातं, कारण तो बांधला गेलाय हेच त्याला पटत नाही.

मिल बंद होऊन दुसरं वर्ष चालू होतं. दिल्लीत बाजार उघडला म्हणे, आणि इथे एकेका मिलचं दार लागत गेलं. वर्षानुवर्षं छातीत साठलेला कापसाचा कचरा, त्यात अर्धपोटी राहणं. धोंडिबांना क्षय झाला यात नवल नव्हतं. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या रिकाम्या पोटी पोटात आग पाडायच्या, लघवी लाल व्हायची, दिवसभर मळमळायचं. दोन महिन्यांत ताप उतरला, खोकला कमी झाला आणि त्यांना वाटलं की झालं बरं. डॉक्टरांनी बजावलं होतं की कोर्स पूर्ण करा, मध्येच सोडाल तर रोग दुप्पट जोराने उलटेल. पण डॉक्टर कंटाळलेल्या आवाजात, मान वर न करता बोलले होते. तारा चमकून बोलला होता.

"बाबा," त्या रात्री जेवताना दीक्षा म्हणाली, "सर्वांत जवळच्या ताऱ्याचा उजेड इथं यायला चार वर्षांच्या वर लागतात. आज प्रश्न पाठवला तर उत्तर यायला आठ वर्षं. तुमच्या सरांना लगेच उत्तर कसं मिळतं?"

"ते आपल्यापुढं गेलेले लोक आहेत, बेटा. त्यांचा उजेड जोरात येत असेल."

"उजेड जोरात येत नाही, बाबा! त्याचा वेग ठरलेला आहे."

"तुझ्या पुस्तकात ठरलेला आहे. तूच मला सांगितलं होतं ना, की आकाशात आपल्यासारखे आणखी कोणी असू शकतात म्हणून?"

"असू शकतात म्हटलं होतं. ते तुमच्या गोळ्यांवर बोलतात असं कुठं म्हटलं?"

"हे बघ दीक्षे," धोंडिबांनी ताट बाजूला सारलं. "मिल गेली. युनियन गेली. मालक कुठं आहे, कोणाला पत्ता नाही. कोणी विचारत नाही, की धोंडिबा, तू जिवंत आहेस का. आणि तिकडून इतक्या लांबून कोणी विचारून राहिलं तर ते बी तुला बघवत नाही?"

दीक्षाला रागही आला आणि रडूही. कौसल्याने भांडी आवरताना तिला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आई गोळ्या कुटून वरणात घालू लागली. धोंडिबांना कडवटपणा कळला, त्यांनी वाटी भिंतीवर भिरकावली आणि त्यानंतर घरात पाण्याशिवाय काही घेईनात. मग त्यांना चाळीतल्याच कुणाकुणाच्या घरी ताट वाढलं जाऊ लागलं. त्यांच्याकडे बघून आणखी दोघा-तिघांनी औषधं सोडल्याचंही कौसल्याच्या कानावर आलं.

दिवाळी झाली. ताप परतला. एका सकाळी धोंडिबांच्या रुमालावर रक्त दिसलं. त्यांनी तो घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "घाण बाहेर पडून राहिली. सर म्हणालेच होते."

त्याच आठवड्यात दीक्षा मल्हारगंजातली शिकवणी आटोपून टेम्पोने परत येत होती. रोज ती मागच्या रस्त्याने उतरायची, त्या दिवशी टेम्पोवाल्याने मिलच्या पुढच्या गेटाशीच सोडलं. संध्याकाळ गडद झाली होती. मैदानातला भोंगा इथपर्यंत ऐकू येत होता: "प्योर साइन्स, भाइयों!" तिने सहज वर पाहिलं. निळसर तारा लागला होता, पश्चिमेला.

ती तिथेच थबकली. मैदानातून पाहिलं की तारा पूर्वेला दिसायचा. मैदान मिलच्या मागे, गेट मिलच्या पुढे. एकाच वेळी एका जागेवरून पूर्वेला आणि हाकेच्या अंतरावरून पश्चिमेला दिसणारा तारा आकाशात असूच शकत नाही. तो या दोन जागांच्या मध्ये होता. आणि मध्ये उभी होती मिलची उंच चिमणी. तिने डोळे ताणून पाहिलं. इथे पेट्रोमॅक्स नव्हत्या, त्यामुळे चिमणीची काळी रेघ स्वच्छ दिसत होती. तारा तिच्या बरोबर माथ्यावर होता.

आणखी एक गोष्ट तिला दिसली. गेटावर धरण्याचा मांडव रिकामा होता. गेट सताड उघडं होतं. एक ट्रक ताडपत्री ओढून, दिवे न लावता बाहेर पडला आणि तिच्या अगदी जवळून निघून गेला.

दीक्षा मैदानाकडे धावतच आली. प्रोफेसर रंगात होते.

"सर, मला एक विचारायचं आहे."

"पूछो बेटी, पूछो! शिक्षित मुली आपल्याकडे येतात याचा आनंद आहे."

"तुम्हाला नाही, माझ्या वडिलांना विचारायचं आहे." ती पुढच्या रांगेत गेली. "बाबा, मी लहान असताना तुम्ही मला खांद्यावर घेऊन राजवाड्याहून चालत यायचे. चंद्र आपल्याबरोबर चालायचा. मी विचारायची का, तर तुम्ही काय सांगायचे?"

"तो लांब आहे म्हणून," धोंडिबा चिडून म्हणाले. "हे काय आता?"

"हा तारा चंद्रापेक्षा लांब आहे ना? मग हा बी आपल्याबरोबर चालला पाहिजे. चला, याला चालवून बघू."

"कोई अपनी जगह से नहीं उठेगा!" प्रोफेसर ओरडले. "तरंग तुटतील! किसी को कुछ हो गया तो मेरी जिम्मेदारी नहीं!"

या वाक्याने दीक्षाची बाजी उलटलीच असती. लोक चुळबुळले आणि पुन्हा खाली बसू लागले. पण धोंडिबा उठले. मुलीच्या बाजूने नाही, सरांच्या बाजूने. "चल," ते म्हणाले. "विज्ञान आहे तर परीक्षेला कशाला घाबरायचं? तारा आपल्यासंगं चालेल आणि तुझं तोंड बंद होईल. चला रे सगळे!"

गर्दी त्यांच्या मागे निघाली. धोंडिबा पुढे, त्यांना सांभाळायला आलेल्या कौसल्याच्या खांद्यावर हात टेकून, मध्ये मध्ये थांबून खोकत. मैदानाच्या भिंतीला वळसा घालून सगळे रेल्वेलाइनच्या अंगाने चालू लागले. पेट्रोमॅक्सचा झगमगाट मागे पडला आणि डोळे हळूहळू अंधाराला सरावले. दक्षिणेकडचे, उत्तरेकडचे सगळे तारे त्यांच्याबरोबर चालत होते. निळा तारा चालत नव्हता. तो आधी डाव्या हाताला सरकला आणि मग मागे राहू लागला. त्याच्या खाली, अंधारातून, हळूहळू एक उभी काळी आकृती वर आली.

कुणीतरी अगदी हलक्या आवाजात म्हणालं, "अरे, ये तो अपनी चिमनी है."

जन्मभर जिच्याखाली राबले ती चिमणी! ती तिथे आहे हे इतकं माहीत होतं की तिच्याकडे पाहायचं कुणाला सुचलंच नव्हतं. धोंडिबांनी कौसल्याच्या खांद्यावरचा हात काढला आणि ते सरळ चिमणीकडे चालू लागले.

चिमणीच्या पायथ्याशी, बॉयलरच्या खोलीत, मिलचाच बंडू वायरमन सापडला. एका हातात स्विच, समोर फुटक्या खिडकीतून दिसणारं मैदान. टॉर्च एकदा उघडला की बटण एकदा, दोनदा उघडला की दोनदा. अनंत चतुर्दशीला मिलची झांकी निघायची तेव्हा चिमणीवर रोषणाई होत असे. ती सगळी या बंडूच्या हातची. त्याच जुन्या वायरीवर बांबू लावून निळ्या कागदातला एक बल्ब चढवला होता, एवढंच ब्रह्मांड! हालत्या देखाव्यांनी सारं इंदूर रस्त्यावर आणणारी ही माणसं, आणि ती एका बल्बला फसली.

कुणीतरी बंडूची कॉलर धरली. तो सुटायचा प्रयत्नही करेना.

"मारा, भिया," तो म्हणाला. "मला ठेकेदाराने लावलं होतं. दीड वर्षांत पहिलं काम मिळालं. नाही कसं म्हणू? प्रोफेसर-ब्रोफेसर काही नाही तो, खजरान्याच्या मेळ्यात दुर्बिणीतून चंद्र दाखवायचा. ठेकेदार त्याला म्हणाला, लोकांना मागं गुंतवून ठेव, गेटवरून उठव. बस."

"कशासाठी?"

बंडूने मान खाली घातली. "लूमखात्यात जाऊन बघा."

सगळे लूमखात्याकडे पळाले. दार नुसतं लोटलेलं होतं. कंदील आत धरला तर समोर रिकामी फरशी, आणि फरशीत ओळीने बोल्टांची भोकं. लोक मागच्या मैदानात आभाळाकडे बघत होते तेव्हा पुढच्या गेटातून एकेक लूम त्या ठेकेदाराच्या ट्रकमधून भंगारात निघून गेला होता. मिल चालू होईल म्हणून ज्या यंत्रांची राखण करत ते ऊन-पावसात गेटवर बसले होते, ती यंत्रंच उरली नव्हती. धोंडिबा अंधारात बरोबर आपल्या जागेवर गेले. फरशीवर तेलाचा जुना काळा डाग होता. ते तिथे बसले आणि लहान मुलासारखे रडले. मैदानात परत जाऊन पाहिलं तर स्टेजवर नुसत्या पेट्रोमॅक्स जळत होत्या. प्रोफेसर गेले होते.

पोलिसांत तक्रार झाली. पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही, कारण पुढे काही झालंच नाही.

दुसऱ्या दिवशी धोंडिबांनी स्वतः गोळ्यांचा डबा मागितला. कौसल्याने देवासमोर ठेवावा तसा तो दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवला. पण डॉक्टरांनी या खेपेला मान वर करून पाहिलं आणि दीक्षाला बाहेर बोलावलं. मध्येच औषध तोडलं की जे जंतू तगतात ते निबर होतात, म्हणाले. या गोळ्यांना ते आता दाद देत नाहीत. दुसरी औषधं महाग आहेत आणि छातीत उरलंय फार थोडं.

धोंडिबा थंडी सरेपर्यंत राहिले. एका दुपारी उन्हात खाटेवर पडले असताना त्यांनी विचारलं, "दीक्षे, मग वरती कोणीच नाही?"

"असतीलही, बाबा. इतके तारे आहेत, कुठंतरी कोणी असेल. पण इतके लांब, की आपली हाक त्यांच्यापर्यंत जायला पिढ्या लागतील. त्यांना आपण माहीतच नाही."

"म्हणजे आपण फार छोटे आहोत."

"छोटे आहोत. पण आपल्याला गोळी देणारा, पाणी पाजणारा जो कोणी आहे तो इथंच आहे."

त्यांनी डोळे मिटले. "हे तू आधी सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले. दीक्षाने आधी सांगितलं होतं. पण ती नुसता त्यांचा हात धरून बसली.

धोंडिबांच्या पुण्यानुमोदनाला सगळी चाळ आली. वंदना झाली, दोघे-तिघे जुने विणकर बोलले. शेवटी दीक्षा उभी राहिली. तिने रडायचं नाही असं ठरवलं होतं.

"माझ्या वडिलांना कोणत्या देवाने मारलं नाही आणि भुताने मारलं नाही," ती म्हणाली. "विज्ञानाचं नाव घेणाऱ्याने मारलं. पांढरा कोट म्हणजे विज्ञान नाही. मोठे शब्द म्हणजे विज्ञान नाही. जो म्हणतो की जागेवरून उठू नका, दुसरीकडून बघू नका, विचारू नका, त्याच्याजवळ विज्ञान नाही, मग तो भगव्यात असो की पांढऱ्यात. दोन पावलं चालून बघा. तेवढं केलं असतं तर आज लूम असते आणि बाबाही असते. आता एकच विचारते. त्या ताऱ्याचं ऐकून इथं आणखी कोणी गोळ्या सोडल्या असतील तर हात वर करा. लाज वाटू देऊ नका. उद्या सकाळी मी स्वतः दवाखान्यात घेऊन जाते."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग अगदी मागे, दाराजवळ, जिथे त्याच्याशेजारी कुणी बसायला तयार नव्हतं तिथून, एक हात हळूच वर आला. बंडू वायरमनचा.

"तू?" कौसल्याच्या तोंडून निघून गेलं. "अरे, बटण तर तूच दाबत होतास ना?"

"हो, वहिनी." बंडू खोकला आणि त्याने तोंडावर रुमाल धरला. "मला माहीत होतं, तो बल्ब आहे. पण वाटायचं, एवढे लोक हात जोडून राहिले, तर मतलब, वरून कोणी माझ्याच हाताने दाबवून घेत असेल."

दीक्षा गर्दीतून वाट काढत दाराशी गेली आणि त्याच्याशेजारी बसली.

"किती दिवस झाले सोडून?" तिने विचारलं.